चौथऱ्यामागची आठचाकी

आमच्या आपत्ती निवारण कार्यालयात गाडीला चिखल लावण्याच्या कामात सारथ्याचा हात कुणी धरू शकत नसे. चिखलात गाडी घालणारे ड्रायव्हर जगात पुष्कळ असतील; गाडीवर चिखल आणून घालणारा हा एकटाच. दर वर्षी अहवाल छापायची वेळ आली की रोपवाटिकेतून काळ्या मातीचं एक पोतं यायचं. सारथी ती माती बादलीत कालवायचा, चुन्याच्या ब्रशनं चाकांवर थापायचा आणि मग दारांवर बोटांनी असे काही शिंतोडे उडवायचा, की बघणाऱ्याला वाटावं, गाडी आत्ताच कुणाचा तरी जीव वाचवून आली आहे. कार्यालयाचं नाव तेवढं तो स्वच्छ ठेवायचा. गाडी उभी असेल तिथंच तिच्या मागं डोंगराचं चित्र छापलेला कापडी फलक ताणला जायचा आणि फोटो निघायचा. फोटोखालची ओळ मी लिहायचो : 'दुर्गम भागात मदतकार्य करताना आमचे बचाव वाहन.' मग सारथी पाइप घेऊन गाडी धुवायला बसायचा.

मी तिथला आवक-जावक कारकून. ती ओळ मी पाच वर्षं लिहिली, तेव्हा माझेही हात काही फार स्वच्छ नाहीत, हे आधीच सांगून टाकतो.

गाडी मात्र खरंच अचाट होती. आठ जाडजूड चाकं, चालवायला स्टिअरिंगच्या जागी दोन दांडे, मागं आजारी माणसाला आडवं ठेवायची चौकट. दगडधोंड्यांवर चढायची, दलदलीतून जायची आणि पाण्यात पडली तर नावेसारखी तरंगायची. तिचं कागदोपत्री नाव एक ओळभर लांब होतं, म्हणून सगळे तिला 'आठचाकी' म्हणत आणि तिच्या ड्रायव्हरला 'सारथी'. पहिल्या वर्षी ती अडतीस किलोमीटर चालली. त्यात दोन प्रदर्शनं, एक संचलन आणि सारथ्याचं पंधरा दिवसांचं प्रशिक्षण आलं. मग तिच्यासाठी शेड बांधली आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

शेडचं लोकार्पण करायला मोठे पाहुणे येणार होते. पाहुणे, कोनशिला आणि गाडी एकाच फोटोत आली पाहिजेत, असा साहेबांचा हट्ट. म्हणून शेडच्या दाराच्या बरोबर मध्यभागी गुडघाभर उंचीचा चौथरा बांधला आणि त्यावर सात नावं कोरलेला काळा दगड उभा केला. गाडी आदल्या दिवशीच आत नेऊन ठेवली होती. फोटो झकास आला. टाळ्या थांबल्यावर सारथ्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "साहेब, आता गाडी बाहेर कशी काढायची?"

पाहुण्यांसमोर असला प्रश्न म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण साहेब असे अडणारे नव्हेत. ते मोठ्यानं हसून म्हणाले, "अरे, कुठल्याही अडथळ्यावरून जाते, म्हणून तर घेतली ना ही गाडी!" पाहुणेही हसले. मी कार्यक्रमाचा वृत्तान्त लिहीत होतो, मी ते वाक्य सरकारी भाषेत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी न वाचता खाली सही केली. ते काहीच वाचत नसत, आणि यात माझी पुष्कळ सोय होती.

त्यानंतर पाच वर्षं आठचाकी जागची हलली नाही. दर सोमवारी सारथी इंजिन सुरू करायचा, दहा मिनिटं चालू ठेवायचा आणि चाकं एकाच जागी बसून चपटी होऊ नयेत म्हणून वीतभर पुढं, वीतभर मागं घ्यायचा. मी वहीत 'वाहन सज्ज' असं लिहायचो. सीटांवरची प्लास्टिकची आवरणं काढायची नाहीत, असा लेखी आदेश होता. आणि टायरांची तर निराळीच गंमत. या गाडीचे टायर मऊच ठेवायचे असतात, अंगठ्यानं दाबले तर दबले पाहिजेत. तरच ते चिखल धरतात. साहेबांनी एकदा तपासणीत टायरला लाथ मारली आणि ओरडले, "हवा कुठंय यात? पंक्चर गाडी ठेवता?" सारथ्यानं प्रशिक्षणाचं पुस्तक दाखवलं. साहेब म्हणाले, पुस्तक ज्यानं लिहिलं त्याला इथं तपासणी द्यायची नाही. तेव्हापासून टायर फुगवून टणक ठेवले जाऊ लागले.

असं असताना सारथ्यानं बढाया मारायला नको होत्या. पण माणसानं दिवसभर उभ्या गाडीला फडकं मारलं, की संध्याकाळी त्याला कुठंतरी ती पळवावीशी वाटतेच. तो ती तोंडानं पळवायचा. आणि ऐकणारे होते त्याचे भावोजी.

सारथ्याची थोरली बहीण वरच्या वस्तीत राहायची. वस्ती म्हणजे डोंगरावरची तीसेक घरं, जायला एकच रस्ता, मध्ये एक ओढा. ताई शिवणकाम करायची. दोऱ्याचा रंग कापडाशी केसभर जुळला नाही, तर दहा हातांवरून ओळखायची. भावोजींचं आयुष्य दगडखाणीत गेलं होतं आणि खाणीनं निरोप देताना त्यांच्या फुप्फुसात धूळ भरून दिली होती. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यांना दवाखान्याजवळ खाली आणून ठेवा. ताईनं शहरात दोन खोल्या बघितल्या, शिलाई मशीन कुठं ठेवायचं तेही ठरवलं. भावोजींना घर सोडायचं नव्हतं. त्या दिवशी सारथी त्यांच्याकडं जेवायला होता. हातातला घास तसाच ठेवून तो म्हणाला, "ताई, उगाच कशाला बिऱ्हाड हलवतेस? रस्ता गेला तरी मी आहे ना! फोन कर, अर्ध्या तासात आठचाकी दारात."

भावोजींना तेवढंच हवं होतं. ताईनं भावाकडं आणि नवऱ्याकडं आळीपाळीनं बघितलं आणि ताटं उचलली. खोल्या राहिल्या. भावोजींसाठी विजेवर चालणारं ऑक्सिजनचं यंत्र घरात आलं आणि वीज गेली तर म्हणून एक सिलिंडर कोपऱ्यात उभा राहिला.

हे सगळं मला सारथ्यानंच सांगितलं, आणि सांगताना तो खूश होता. तेव्हा मला त्याचा राग आला होता. चौथरा तो रोज बघत होता, आणि बहिणीला असला शब्द देऊन बसला होता. पण मी बोललो नाही. मीही वहीत 'वाहन सज्ज' लिहीतच होतो.

यंदा तीन दिवस पाऊस कोसळला आणि चौथ्या दिवशी सकाळी वळणावरची दरड खाली आली. रस्ता गेला, त्याच्याबरोबर विजेचे खांब गेले, वरची वस्ती तुटली. दहा वाजता कार्यालयात ही बातमी आली. साहेबांनी ताबडतोब कागदी घोडे नाचवले. वर कळवलं, 'आठचाकी सज्ज', आणि माझ्याकडून मागच्या वर्षीचा फोटो मागून घेऊन तोही सोबत पाठवला. सारथी माझ्या टेबलापाशी उभा राहून ताईला फोन लावत होता. सातव्यांदा लागला. मी समोरच होतो आणि ताईचा आवाज खणखणीत होता, त्यामुळं सगळं ऐकू आलं.

"यंत्र सकाळीच बंद पडलंय. सिलिंडरचा काटा निम्म्यावर आहे, दुपारपर्यंत पुरेल. शेजारच्या चौघांनी खुर्चीला वासे बांधलेत. पायवाटेनं खाली आणतोय यांना."

"ताई, थांब, मी येतो गाडी घेऊन."

"तू कशाला येतोस? तू आपला चिखल लाव."

सारथ्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला काय दिसत नाही का रे? अहवाल आणून देतोस मोठ्या हौसेनं. इथली माती तांबडी. तुझ्या फोटोतली पाचही वर्षं काळी. पहिल्याच वर्षी ओळखलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"यांना सांगितलं. यांनी ऐकलं नाही. तुझ्यावर विश्वास आहे म्हणे." मग फोन तुटला.

सारथ्याचं तोंड असं उतरलं, की मला बघवेना. तो तसाच साहेबांच्या खोलीत गेला. मी कागद घेऊन मागं गेलो, कारण मला ऐकायचं होतं.

"गाडी काढतो, साहेब."

"आदेश येऊ दे वरून. मी कळवलंय सज्ज म्हणून."

"आदेश कधी येईल?"

"येईल तेव्हा येईल. आणि काढणार कुठून? समोर कोनशिला आहे. आधी बांधकाम विभागाला पत्र द्यावं लागेल, ते येऊन सन्मानानं हलवतील." साहेब माझ्याकडं वळले. "पत्राचा मसुदा करा. 'सन्मानपूर्वक' हा शब्द घाला."

मी "हो" म्हणालो, बाहेर आलो आणि मसुदा करायला टेबलाचा खण उघडला. खणात कागद होते आणि कागदांवर शेडची किल्ली होती. माझ्या सबंध नोकरीत मी एकही गोष्ट आदेशाशिवाय केलेली नाही. रजाही मी आदेश आल्यासारखीच घेतो. पण ती बाई चौघांबरोबर डोंगर उतरत होती, आणि तिला ज्या फोटोवर भरवसा ठेवायला सांगितलं गेलं, त्याच्याखालची ओळ माझी होती. मी किल्ली काढून सारथ्याच्या हातात दिली.

शेडमध्ये गेल्यावर पहिली अडचण टायरांची. टणक टायरांवर दरडीत गाडी एक पाऊलही टिकली नसती. सारथी म्हणाला, "भाऊसाहेब, काडी घ्या आणि बसा." मग आम्ही दोघं उकिडवे बसून आठ चाकांची हवा सोडत राहिलो. फुस्स-फुस्स करत साहेबांची पाच वर्षांची तपासणी निघून गेली. सारथी प्रत्येक टायर अंगठ्यानं दाबून बघत होता आणि पुस्तकातली वाक्यं पुटपुटत होता. सामानाच्या खोलीतून आम्ही सीलबंद ऑक्सिजनचा सिलिंडर आणून मागं ठेवला.

"हा धरायला कुणीतरी मागं बसायला हवं," तो म्हणाला.

मी इकडंतिकडं बघितलं. तिथं कुणीतरी म्हणजे मीच होतो. माझा आजवरचा सगळा प्रवास आवकपासून जावकपर्यंत झालेला. प्लास्टिकच्या आवरणावर बसलो तसा घसरलो, आणि सिलिंडरला मिठी मारली.

सारथ्यानं इंजिन सुरू केलं. साहेब व्हरांड्यात धावत आले. "कोनशिला! अरे, कोनशिला!" असं ते ओरडत होते. सारथ्यानं दोन्ही दांडे पुढं ढकलले. पुढची दोन चाकं चौथऱ्यावर चढली, गाडीचं नाक आकाशाकडं झालं आणि मग सात नावांचा तो काळा दगड मागं झुकला आणि खाली पडून त्याचे चार तुकडे झाले. आठचाकी त्यावरून पलीकडं उतरली. मला एवढा आनंद कुठल्याही बढतीनं झालेला नाही, आणि हे मी कबूल करतो.

पुढचं सांगायला मी काही शूर माणूस नाही. दरडीपाशी मी डोळे मिटले होते. एवढं कळलं, की गाडी कधी डावीकडं झुकत होती, कधी उजवीकडं, आणि चुकीचा दांडा ओढला गेला की सारथी स्वतःलाच शिव्या घालत होता. अडतीस किलोमीटरचा अनुभव! एकदा चाकं जागीच फिरायला लागली. तो थांबला, मोठ्यानं म्हणाला, "घाई करू नये, वजन मागं घ्यावं," आणि ओरडला, "भाऊसाहेब, मागं सरका!" पुस्तकातलं वजन म्हणजे मी. सरकलो. गाडीनं माती धरली आणि वर चढली. बोनेटपासून काचेपर्यंत तांबडा चिखल उडत होता, दारावरचं कार्यालयाचं नाव कधीच झाकलं गेलं होतं.

ओढ्याशी पोचलो तेव्हा ती माणसं पलीकडच्या काठावर अडकलेली दिसली. चौघांनी खुर्ची दगडावर टेकवली होती, भावोजी मान टाकून बसले होते. ताई एका हातानं त्यांचा मास्क धरून दुसऱ्या हातानं सिलिंडरचा काटा पुसून पुसून बघत होती. ज्या दगडांवरून लोक ओढा ओलांडतात ते दगड पाण्याखाली गेले होते. चार माणसं पायवाटेनं सगळा डोंगर उतरून आली होती आणि शेवटच्या वीस पावलांसाठी अडली होती.

आठचाकी पाण्यात उतरली. क्षणभर चाकांना जमीन लागेना आणि मला माझी बायको आठवली. मग गाडी तरंगली. ओढ्यानं आम्हाला बरंच खाली ओढलं, पण चाकं पाणी कापत राहिली आणि आम्ही पलीकडं एका झुडपात जाऊन घुसलो. सारथी उडी मारून धावत सुटला. ताईच्या समोर जाऊन उभा राहिला आणि तोंडावरचा चिखल पुसायला लागला.

ताईनं त्याच्याकडं बघितलं नाही. गाडीकडं बघितलं, चाकांपासून टपापर्यंत. "आज माती बरोबर लागलीय," ती म्हणाली, आणि खुर्चीचा एक वासा तिनं स्वतःच धरला. "उचला यांना लवकर."

नवा सिलिंडर लावला. भावोजींच्या ओठांचा निळेपणा हळूहळू ओसरला. ओढा परत ओलांडताना त्यांनी मास्क बाजूला केला आणि धापा टाकत म्हणाले, "मी... म्हणालो होतो... येईल हा."

"गप्प बसा," ताई म्हणाली. "जिंकलात तुम्ही. श्वास जपून वापरा." तिनं मास्क परत दाबून बसवला. तिचा दुसरा हात सारथ्याच्या खांद्यावर होता, तो दवाखान्यापर्यंत तिनं काढला नाही.

आणखी दोन दिवसांत आठचाकीनं वरच्या वस्तीच्या अकरा फेऱ्या केल्या. सारथी म्हणाला, कोनशिला तर फुटलीच आहे, आता थांबायचं कशाला. साहेबांनी प्रत्येक फेरी आपल्या मार्गदर्शनाखाली झाल्याचं वर कळवलं. मग रस्ता सुरू झाला, लोक सुखरूप आहेत असं ठरलं, आणि कार्यालयाला खऱ्या आपत्तीची आठवण झाली : कोनशिला फुटली होती. वरून चौकशीला मोठे साहेब आले. अकरा फेऱ्यांबद्दल त्यांनी एक प्रश्न विचारला, दगडाबद्दल सतरा.

"विनापरवानगी कोनशिलेवरून वाहन नेण्यास कुणी सांगितलं?" हा शेवटचा.

सारथी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच मी उठलो आणि पाच वर्षांपूर्वीचा वृत्तान्त टेबलावर ठेवला. 'कोनशिलेमुळे वाहन बाहेर कसे काढावे, या प्रश्नावर साहेबांनी वाहन कुठल्याही अडथळ्यावरून जाते असे सांगितले.' खाली साहेबांची सही, सुवाच्य. मोठ्या साहेबांनी ते दोनदा वाचलं. आमच्या साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाचलं. चौकशीचा निष्कर्ष लिहायचं काम माझ्याकडं आलं, आणि मी लिहिलं की पूर्वनियोजित चाचणी यशस्वी झाली.

फोटोवाला आला तेव्हा मात्र तक्रार करू लागला. चिखलात कार्यालयाचं नाव दिसत नाही, गाडी धुवा आणि नेहमीची माती लावा, म्हणाला. सारथी म्हणाला, "ती माती मला आता लावता येत नाही." म्हणून अहवालात जुनाच फोटो छापला. मी ओळ लिहिली आणि आधी एक शब्द जोडला : 'जुना फोटो.' तेवढीच माझी मर्दुमकी.

नवी कोनशिला आठ दिवसांत उभी राहिली, कारण त्याच पाहुण्यांचा दौरा होता. तीच जागा, तीच सात नावं, चौथरा चार बोटं जास्त उंच. गवंडी काम करत होता तेव्हा आठचाकी अंगणात धुवायला उभी होती. दगडाची पॉलिश झाली, साहेबांनी मागं सरून तो बघितला आणि सारथ्याला फर्मावलं, "हं, आता गाडी आत घे."

"कशी घेऊ, साहेब? चौथरा आडवा येतो."

"त्या दिवशी गेला होतास ना वरून?"

"तेव्हा बाहेर यायचं होतं. आत जायला दगड पाडायचा लेखी आदेश लागेल. तुमच्या सहीचा."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी वृत्तान्ताची वही उघडून पेन हातात घेतलं होतं. साहेब आत निघून गेले.

तेव्हापासून आठचाकी बाहेरच आहे, अंगणात, फाटकाकडं तोंड करून, टायर मऊ. रिकाम्या शेडसमोर कोनशिला चकाकत असते आणि येणारे पाहुणे ती वाचून आत डोकावतात. ताई भावोजींना घेऊन परत वर गेली, खाली खोल्या बघितल्या नाहीत. पाऊस लागला की ती सारथ्याला फोन करते, आणि एकच प्रश्न विचारते.

"गाडी कुठं आहे?"

"बाहेर."

"बरं," म्हणते, आणि फोन ठेवते.